टाइम ट्रॅव्हलच्या मालिकेत खरी चूक कुठली आणि पॅराडॉक्स कुठला, ठरवायचं कसं? (डार्क, तिन्ही सीझन, स्पॉयलर आहेत)

रावेरची_पोर

नमस्कार मंडळी. 'डार्क' ही नेटफ्लिक्सवरची जर्मन मालिका ज्यांनी पूर्ण बघितली नसेल त्यांनी इथूनच मागे फिरा, कारण खाली शेवटापर्यंतचं सगळं लिहिलंय.

मी आणि माझा मावसभाऊ (तो चोपड्याला, मी सध्या जळगावला) ही मालिका परत बघतोय, यावेळी वही घेऊन, जिथे काही खटकलं तिथे थांबवायचं, लिहून ठेवायचं आणि रात्री फोनवर त्यावरून भांडायचं. भांडण असं की मला जी चूक दिसते तिला तो चूकच म्हणत नाही, "ते मुद्दाम तसं आहे, पॅराडॉक्स आहे" म्हणतो आणि एकदा हे म्हटलं की विषयच संपला, मग काहीही चालतं. मला हे पटत नाही. पॅराडॉक्स म्हणून सगळंच माफ करायचं असेल तर लिहिणाऱ्यांनी एवढा जीव कशाला काढला?

वहीतलं थोडं सांगते. ते ३३ वर्षांचं प्रकरण, विंडेन गावात २०१९, १९८६ आणि १९५३ गुहेतून जोडलेले, आणि कारण देतात चंद्र-सूर्याच्या चक्राचं. हे खरंच असं असतं का? आणि नसेल तर ती चूक धरायची का?

मग टानहाउस या घड्याळजीचं काळात प्रवास करायचं मशीन. १९५३ मधे क्लाउडिया ही बाई काळातून येऊन त्याला मशीनचा नकाशा आणून देते, त्यावरून तो मशीन बनवतो. मग ते मुळात डिझाइन केलं कोणी? कोणीच नाही. भाऊ म्हणतो बूटस्ट्रॅप पॅराडॉक्स, म्हणजे सुरुवातच नसलेली, स्वतःच स्वतःचं कारण असलेली गोष्ट, मी म्हणते लेखकाने हात वर केले.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे शेवट. योनास आणि मार्था ही मुख्य पात्रं १९७१ मधे जाऊन टानहाउसच्या मुलाच्या गाडीचा अपघात टाळतात, मग ती दोघं ज्या दोन समांतर जगांतून आली ती दोन्ही जगं नाहीशी होतात, मग अपघात टाळला कोणी? यावर आमचं इतकं वाजलं की मावशीने फोन हिसकावून घेतला.

ग्लासातलं पाणी कमीजास्त होणं, केस एका शॉटला ओले पुढच्या शॉटला कोरडे, असलंही लिहिलंय पण ते सोडा, ते कुठल्याही मालिकेत सापडतं. मला पद्धत पाहिजे. तुमच्यापैकी कोणी हे नीट बसून केलंय का?

भुसावळ_डाऊन_लाइन

ताई, प्रश्न आवडला. माझी नोकरी भुसावळला रेल्वेच्या कंट्रोलमधे गेली, त्यामुळे मी ही मालिका गाड्यांच्या चार्टसारखी बघतो आणि तुलाही तेच सांगेन.

कंट्रोल चार्ट कसा असतो, आडवी वेळ आणि उभी स्टेशनं, प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. गाडी थांबली की रेघ आडवी, धावली की तिरपी. सिंगल लाइनवर समोरासमोरच्या दोन रेघा स्टेशन सोडून मधेच कुठे एकमेकींना छेदल्या की डोळ्यांना लगेच टोचतं, कोणाला विचारावं लागत नाही. आता कॉम्प्युटरवर चार्ट निघतो पण डोकं तेच.

तू असं कर, मोठा कागद घे, आडवं कॅलेंडरचं वर्ष टाक आणि उभं त्या माणसाचं स्वतःचं वय. प्रत्येक पात्राला एक रंग. माणूस गुहेतून मागे गेला की रेघ डावीकडे उडी मारेल पण वय खाली येणार नाही, ते वरच जात राहील. हा एकच नियम पक्का धर. मग पाठीमागून त्याचं पोटकलम लाव, की खालच्या वयात जी जखम झाली, जी गोष्ट कळली, ती वरच्या वयात असलीच पाहिजे. नसेल तर चूक, तिथे पॅराडॉक्स म्हणून कोणी सुटू शकत नाही.

उदाहरण देतो. हेल्गं हे पात्र घे. आपल्याला तो आधी मोठा झालेला दिसतो, चेहरा आणि कान जखमेने बिघडलेला, आपण म्हणतो असेल काहीतरी. मग बऱ्याच भागांनी १९५३ मधला लहान हेल्गं दिसतो आणि २०१९ मधून गेलेला उलरिश त्याला दगडाने मारतो. आपल्याला कारण नंतर दिसलं, पण हेल्गंच्या रेघेवर ते खालीच आहे आणि जखम वर. बरोब्बर बसतं. म्हातारा हेल्गं २०१९ ला बघ, तिथेही व्रण आहे. मी तो भाग थांबवून थांबवून बघितला, कारण मेकअपवाल्यांची चूक व्हायला अशीच जागा असते, तीन वयांचे तीन नट, व्रण एकाच बाजूला पाहिजे आणि एकाच जागी पाहिजे.

आता उलरिशची रेघ काढ. तो १९५३ ला गेला आणि तिथेच अडकला, म्हणजे तिथून त्याची रेघ सरळ १९८७ पर्यंत, वेड्यांच्या इस्पितळात म्हातारा होत. आणि त्याच १९८६ मधे त्याच गावात तोच उलरिश शाळकरी पोरगा म्हणून हिंडतोय. कागदावर एका उभ्या रेषेवर दोन उलरिश, एक खाली एक वर. आणि मिकेल, त्याचा मुलगा, तोही तिथेच, बापापेक्षा लहान आणि शाळकरी बापापेक्षाही लहान. हे बघताना डोकं गरगरतं पण कागदावर एकही रेघ चुकत नाही. लिहिणाऱ्यांनी असाच काहीतरी चार्ट भिंतीवर लावला असणार असं मला मनापासून वाटतं.

म्हणून आधी कागद, मग भांडण.

गणित_अमळनेर

३३ वर्षांबद्दल मी लिहितो, हा माझा आवडता विषय आहे आणि यासाठी घरातलं कालनिर्णय आणि जुनी पंचांगं पुरतात.

बेटा, चांद्र महिना सरासरी २९.५३ दिवसांचा. असे १२ महिने म्हणजे ३५४ दिवस आणि वर थोडं. सूर्याचं वर्ष ३६५.२४ दिवसांचं. दरवर्षी जवळपास ११ दिवसांचा फरक पडतो आणि तो साचत साचत ३३ वर्षांत एका पूर्ण चांद्र वर्षाएवढा होतो. म्हणजे ३३ सौर वर्षं आणि ३४ चांद्र वर्षं जवळजवळ सारखी. मालिकेतला ३३ आकडा इथून आलाय, हवेतून काढलेला नाही.

पण "जवळजवळ" हा शब्द नीट बघ. ३३ सौर वर्षं म्हणजे १२,०५३ दिवस. ३४ चांद्र वर्षं म्हणजे १२,०४८ दिवस आणि वर अर्धा. साडेचार दिवस शिल्लक राहतात. आता हे आपल्या दिवाळीवर लावून बघ. मिकेल ४ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री हरवतो. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं आणि अमावस्या २८ ला सकाळी संपली. १९८६ मधे तीच अमावस्या २ नोव्हेंबरला, आणि १९५३ मधे ६ नोव्हेंबरला. दर चक्राला चार-साडेचार दिवसांनी सरकतेय. म्हणजे ५ नोव्हेंबर ही एकच तारीख धरली तर २०१९ ला आकाशात अष्टमी-नवमीचा अर्धा चंद्र, १९८६ ला तीज-चौथीची बारीक कोर, आणि १९५३ ला चंद्रच नाही. तीन वर्षांत तीन वेगवेगळी आकाशं. ३३ वर्षांनी सगळं होतं तसं जागेवर येतं हे चंद्रापुरतं तरी बरोबर नाही.

खरं जुळणारं चक्र १९ वर्षांचं आहे. १९ सौर वर्षांत २३५ चांद्र महिने बसतात आणि फरक राहतो फक्त दोन तासांच्या आसपास. ग्रीक लोक याला मेटनचं चक्र म्हणतात, इसवीसनपूर्व ४३२ पासून ते त्यांच्याकडे नोंदलेलं आहे. आपल्याकडे १९ वर्षांत ७ अधिक महिने येतात ते याच हिशोबातून, १९ गुणिले १२ म्हणजे २२८, अधिक ७ म्हणजे २३५. पडताळायचं असेल तर १९८६ ची अमावस्या २ नोव्हेंबरला होती, त्यात १९ मिळव, २००५ ला पण २ नोव्हेंबरच. २०१९ मधून १९ वजा कर, २००० ला २७ ऑक्टोबर, इकडे २८. एका दिवसाच्या आत.

मग चूक धरायची का? माझं मत असं की आकाशाचा हिशोब कच्चा आहे हे नोंदवून ठेव, पण कथेतली चूक म्हणून लिहू नको. मालिकेने ३३ चा नियम स्वतःला घालून घेतला आणि पहिल्या दोन सीझनभर तो पाळला, १९२१, १९५३, १९८६, २०१९, २०५२. (१९२१ ते १९५३ बघून ३२ झाले असं म्हणशील, तर महिने बघ, जूनमधून जून आणि नोव्हेंबरमधून नोव्हेंबर असं वेगवेगळं धरावं लागतं, नुसतं वर्ष वजा करून चालत नाही.)

तापीकाठ

सर तुमचं बरोबर आहे पण ३३ चं चक्र आमच्या घरी अगदी रोजच्या जगण्यातलं आहे म्हणून लिहितोय. आमच्याकडे अधिक महिना नाही ना, त्यामुळे रमजान दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकतो आणि सगळ्या ऋतूंमधून फिरून परत तिथेच येतो. अब्बा सांगतात १९८६ चे रोजे ऐन मे महिन्यात होते, भुसावळचा मे म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही आणि पाण्याचा घोट घ्यायचा नाही. आणि २०१९ ला परत मे महिन्यातच आले. ईद दोन्ही वेळा जूनच्या पहिल्या दहा दिवसांत. मालिकेतली नेमकी हीच दोन वर्षं, मी बघत होतो तेव्हा अब्बा बाजूला बसलेले, १९८६ चा आकडा स्क्रीनवर आला तसे ते स्वतःहूनच बोलायला लागले.

तर चंद्राची कोर त्याच तारखेला येत नसेल, तुम्ही सांगितले तसे चार दिवस मागेपुढे, पण मोसम तोच येतो. माणसाच्या आयुष्यात असं चक्र दोनदा, फार तर तीनदा दिसणार. मालिकेत आजोबा, बाप, नातू अशा पिढ्या एकाच जागी उभ्या करायला १९ वर्षं तोकडी पडली असती, ३३ नीट बसतं.

धुळेकर_प्रशांत

सगळं वाचलं, चार्ट आवडला, पण भो तुम्ही सगळे ताईच्या तिसऱ्या प्रश्नाला बगल देताय. शेवटाचं बोला की.

माझं स्पष्ट मत, शेवट हा प्लॉट होल, म्हणजे कथेच्या तर्कातलं भोक आहे आणि मोठं आहे. का ते सांगतो. पहिले दोन सीझन मालिका एकच गोष्ट ठोकून ठोकून सांगते, की जे झालं ते झालं, मागे जाऊन काही बदलत नाही, उलट तू बदलायला गेलास म्हणूनच ते झालं. उलरिश पोराला वाचवायला जातो आणि हेल्गंला मारतो, त्यातून पुढचा हेल्गं घडतो. योनास बापाला थांबवायला जातो आणि त्याच्या त्या जाण्यानेच बापाला आत्महत्येची कल्पना मिळते. हा नियम इतका कडक की तिसऱ्या सीझनला योनास मरायला निघतो तरी मरू शकत नाही कारण म्हातारा योनास आधीच अस्तित्वात आहे. मला हे फार आवडलं होतं. कोणी सुटत नाही, हिरोसुद्धा नाही.

आणि मग शेवटाला येऊन सांगतात की जगबुडीच्या क्षणी काळ क्षणभर थांबतो आणि तेवढ्या फटीतून कार्यकारणभाव मोडता येतो. बरं ठीक, ही फटसुद्धा मान्य करतो, तिसऱ्या सीझनमधे ती आधी दाखवलीये. पण १९७१ मधे टानहाउसच्या मुलाची गाडी योनास आणि मार्था थांबवतात, अपघात होत नाही, म्हणून टानहाउस १९८६ मधे मशीन चालू करत नाही, म्हणून ती दोन जगं तयारच होत नाहीत, म्हणून योनास आणि मार्था कधी जन्मलेच नाहीत. मग गाडीसमोर उभं कोण होतं? आपल्या आजोबाला मारायला गेलेल्या नातवाचीच ही गोष्ट. ज्या मालिकेने २४-२५ भाग हा प्रश्न निर्माणच होणार नाही असा नियम पाळला तिनेच तो शेवटच्या भागात उघडा टाकला.

रडू मलाही आलं तो शेवट बघून, अगदी खरं सांगतो. पण रडू आलं म्हणून हिशोब जुळला असं होत नाही.

सातपुडा_पायथा

प्रशांत भाऊ, थोडं वेगळं म्हणणं आहे. मी नंदुरबारला फिजिक्स शिकवते आणि यावर पोरांशी तासन्‌तास बोलणं होतं.

तुम्ही जो नियम सांगितला, जे झालं तेच होणार, तो फिजिक्समधेही मांडलेला आहे, इगोर नोव्हिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखतात. त्याचा मतितार्थ असा की भूतकाळात गेलेला माणूस स्वतःशी विसंगत असं काही करूच शकणार नाही. डार्कची दोन्ही जगं तंतोतंत या नियमाने चालतात. पण टानहाउसचं मूळ जग त्या गाठीत, म्हणजे एकमेकांत अडकलेल्या त्या दोन जगांच्या चक्रात, नाहीच. तिथे १९८६ पर्यंत कोणी काळात प्रवास केलेला नाही. त्यामुळे गाठीच्या आतला नियम गाठीच्या बाहेर लागू होतो असं मालिकेने कधीच म्हटलं नाहीये. मी याला भोक म्हणणार नाही, मी म्हणेन की नियम अर्धवट सांगितला. मूळ जगात कोणता नियम चालतो हे एका वाक्यात तरी आधीच्या भागात यायला पाहिजे होतं, तेवढी तक्रार माझीही आहे.

आता रावेरच्या ताईचं मशीन. लोसेव्ह आणि नोव्हिकोव्ह यांनी १९९२ मधे याच कोड्यावर पेपर लिहिला आणि अशा गोष्टींना नाव दिलं जिन्न, कुठूनही न येता प्रकट होणारे. त्यात दोन प्रकार पडतात आणि चुका पकडायला हा फरक फार कामाचा आहे. एक म्हणजे वस्तूच गोल फिरते, समजा एक घड्याळ म्हाताऱ्याने तरुणाला दिलं, तरुणाने जपून ठेवून म्हातारपणी तेच मागे जाऊन दिलं. हे अडचणीचं, कारण घड्याळ प्रत्येक फेरीत झिजणार, ओरखडे पडणार, आणि तरी परत मिळताना ते जसंच्या तसं पाहिजे. दुरुस्ती कोणीतरी केलीच पाहिजे, नाहीतर ती सरळ चूक. दुसरा प्रकार म्हणजे फक्त माहिती गोल फिरते. टानहाउस मशीन स्वतःच्या हाताने, नव्या पितळेचं नवं बनवतो, त्यामुळे झिजण्याचा प्रश्न नाही. नकाशातली कल्पना तेवढी बिनमालकाची राहते. विचित्र आहे, पण विसंगत नाही. तर इथे मावसभावाला गुण.

आणि खरी चूक कशी असते ते बघायचं असेल तर 'डॉक्टर हू' ही काळात प्रवास करणाऱ्या डॉक्टरची ब्रिटिश मालिका बघा. ती बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली आणि वर्षानुवर्षं लेखक बदलत गेले. १९७५ मधल्या एका कथेत डॉक्टरची सोबतीण सारा जेन सांगते की मी १९८० सालातून आलेय. तिच्या त्या काळात ब्रिगेडियर हे मालिकेतलं दुसरं पात्र त्याच्या लष्करी तुकडीत कामावर आहे. आणि १९८३ च्या कथेत दाखवतात की तोच ब्रिगेडियर १९७७ मधे निवृत्त होऊन शाळेत शिकवतोय! १९८० ला नोकरीत आणि १९७७ ला रिटायर. यात कोणी काळात प्रवास करून गोंधळ घातलेला नाही, लिहिणाऱ्यांनी आधीचं तपासलं नाही एवढंच. चाहते आजपर्यंत त्यावर वाद घालतात. भुसावळच्या काकांच्या कागदावर ही रेघ काढली तर मधेच तुटते.

डार्कला बारान बो ओदार आणि यान्त्ये फ्रीझं या दोघांनीच तिन्ही सीझन हातात ठेवले आणि २६ भागांत संपवली, म्हणून तिथे असली चूक शोधायला जीव जातो.

अजून एक, पोरं मोठी दिसतात ही चूक वहीत लिहिली असेल तर खोडा. कथेत पहिल्या आणि दुसऱ्या सीझनमधे नोव्हेंबर २०१९ ते जून २०२० एवढाच काळ जातो पण सीझन आले डिसेंबर २०१७ आणि जून २०१९ ला. बालकलाकार वाढणारच.

रावेरची_पोर

बाप रे एवढं सगळं! गणित सर, मी आईचं जुनं कालनिर्णय काढून बघितलं, २००५ ची अमावस्या तुम्ही म्हणालात तिथेच आहे. भावाला फोटो पाठवला तर म्हणतो "बठ्ठं खरं शे, पण शेवट तरी बरोबरच शे". प्रशांत दादा, मी तुमच्या बाजूने आहे, मॅडमचं मूळ जगाचं म्हणणं कळलं तरी जो नियम शेवटच्या भागात पहिल्यांदा लागतो तो नियम नाही, ती सोय.

भुसावळच्या काका, कागद घेतला, चार ड्रॉइंग शीट चिकटवून भिंतीवर लावलाय. उलरिश, मिकेल, हेल्गं झाले. मिकेलची रेघ फार सुंदर येते, २०१९ मधून एकदाच डावीकडे उडी आणि मग सरळ चालत चालत परत २०१९ ला, लहान मिकेल आणि त्याचा मोठा झालेला मायकल काही वर्षं एकाच गावात. अडकलेय ते शार्लट आणि एलिझाबेथवर. एलिझाबेथ शार्लटची मुलगी आहे आणि तिची आईसुद्धा. रेघ सुरू कुठून करू?

भुसावळ_डाऊन_लाइन

शाब्बास. दोघींच्या रेघा वेगवेगळ्या रंगात काढ आणि वय शून्यापासूनच सुरू कर, दोघींनाही सुरुवात आहे. एलिझाबेथची सोपी, ती २०१९ ला शाळेत जाणारी पोर, तिथून सरळ पुढे जगबुडीनंतरच्या काळात. शार्लटची सुरुवात उजव्या टोकाला, भविष्यात, एलिझाबेथच्या पोटी, आणि लगेच वय शून्यावरच डावीकडे लांब उडी, १९७१ ला टानहाउसच्या दारात. मग तिथून ती सरळ वाढत २०१९ ला येते, तिथे एलिझाबेथची रेघ तिच्यातून फुटते. वय कुठे खाली येत नाही, म्हणजे माझ्या नियमाने चूक नाही. मॅडम म्हणतात तसला जिन्न मात्र आहे, कारण त्या दोघींचं रक्त आलं कुठून याला उत्तर नाही.

आणि तिसरा सीझन काढून तो सीन नीट बघ जिथे पाळण्यातून बाळ उचलून नेतात. उचलायला येणाऱ्या मोठी शार्लट आणि मोठी एलिझाबेथ याच दोघी. म्हणजे त्या एका ठिकाणी तुझ्या कागदावर शार्लटची रेघ दोनदा येईल, एकदा शून्य वयाला आणि एकदा मोठ्या वयाला, त्याच तारखेला, त्याच खोलीत. तिथे लाल पेनाने गोल कर आणि प्रशांतला फोटो टाक, त्याला त्यावर काय म्हणायचंय ते मला वाचायचंय.